पट्टीला टांगा

रविवारी दुपारी थोरले भाऊ, दादा, येणार आणि भिंतीवर चित्र दिसलं नाही, तर ते काखोटीला मारून घेऊन जाणार, हे काकूंना आदल्या दिवशी फोनवर कळलं. फोन ठेवल्या ठेवल्या त्यांनी काकांच्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतलं.

“बाबांनी जन्मात एकच चित्र काढलं, आणि ते आपल्याकडे कपाटामागे उभं! दादा म्हणतो, टांगायचं नव्हतं तर नेलंस कशाला?”

“मग टांगू की.”

“कशावर? तुमच्या नाकावर?”

प्रश्न रास्त होता. घर भाड्याचं होतं आणि खाली राहणाऱ्या मालकीणबाईंची एकच अट होती, भिंतीला खिळा मारायचा नाही. छताच्या थोडं खाली चारी भिंतींवरून लाकडाची एक जुनी कड फिरलेली होती, पण तिचा उपयोग पाली सोडल्यास कुणालाच ठाऊक नव्हता.

चित्रात एक होडी होती. ती होडी आहे हे सांगावं लागे, कारण न सांगितल्यास पाहुणे तिला जोडा समजत. पण म्हाताऱ्या, थरथरत्या हातांनी काढलेली ती होडी काकूंचा जीव की प्राण होती. ती दादांनी नेली असती तर बाबा दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं असतं. काकांना हे न सांगताही समजत होतं. म्हणून त्यांनी धीर करून मालकीणबाईंना फोन लावला.

“खिळा अजिबात नको,” मालकीणबाई म्हणाल्या. “पट्टीला टांगा. त्यासाठीच तर असते ती.”

“पट्टीला? वजन पेलेल?”

“न पेलायला काय झालं? आमचे सासरे पट्टीलाच टांगलेत.”

“पट्टी आहे माझ्याकडे.”

“असणारच. सगळ्या खोल्यांत आहे.”

काकांनी फोन ठेवला तो थक्क होऊनच. त्यांची उभी हयात हॉस्पिटलात ड्रेसर म्हणून जखमा बांधण्यात गेली होती आणि घरातल्या प्रत्येक खोलीत पट्ट्यांची भेंडोळी होती, ही गोष्ट खरीच होती. पण ती मालकीणबाईंना कशी कळली?

“अगं, इतकं सोपं!” ते काकूंना म्हणाले. “या हातांनी मी माणसांचे मोडके पाय टांगलेत. तुझ्या बाबांचाही टांगला होता. होडीचं काय घेऊन बसलीस?”

रविवारी सकाळी चित्र दोन पांढऱ्या पट्ट्यांनी खिडकीच्या पडद्याच्या दांड्याला लटकलं. त्यामुळे खिडकी गेली, पण होडी आली. काकू चार पावलं मागे सरकल्या आणि मान तिरकी करून म्हणाल्या, “डावी बाजू जरा वर घ्या.”

काकांनी घेतली. दांडा त्या बाजूला वाकला, बाजू पुन्हा खाली आली.

“डावी बाजू वर घ्या म्हटलं ना!”

मग काकांनी हॉस्पिटलातली युक्ती काढली. डावी पट्टी दांड्यावरून पलीकडे घेतली आणि तिच्या टोकाला वजन म्हणून इस्त्री बांधली. चित्र सरळ झालं. फक्त घरात कुणी चाललं की इस्त्री खाली जाई, डावी बाजू वर येई आणि सगळं पुन्हा जागेवर येई. बाबांची होडी पहिल्यांदाच होडीसारखी दिसू लागली.

दादा आले आणि दारातच थबकले.

“बाबांच्या चित्राला अपघात झाला का?”

“अपघात कसला? टांगलंय,” काकू म्हणाल्या.

दादांची नोकरी लिफ्ट तपासायची. त्यामुळे लटकणाऱ्या कुठल्याही वस्तूवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी चित्रासमोर एक फेरी मारली, तशी होडी वर गेली, खाली आली.

“हे टांगणं नाही, ही थट्टा आहे. मी घेऊन जातो.”

“दादा, नको रे!” काकूंचा आवाज चिरकला. पण दादांनी डावी गाठ ओढलीसुद्धा. काकांची गाठ सहसा सुटत नसे, आणि नेमकी आजच सुटली. इस्त्री धाडकन जमिनीवर पडली आणि होडी एका पट्टीवर नाक खाली करून लोंबकळू लागली.

पाठोपाठ जिना दणाणला आणि मालकीणबाई दारात उभ्या राहिल्या.

“छत कोसळतंय की काय माझं? आणि हे काय? मी पट्टीला टांगा म्हटलं होतं!”

“पट्टीलाच टांगलंय!” काका कळवळून म्हणाले.

“अहो, ही पट्टी!” मालकीणबाईंनी बोट वर केलं. “ही लाकडाची! हिच्यावर आकडा अडकवायचा, दोरी सोडायची आणि चित्र लावायचं!”

सगळ्यांनी माना वर केल्या. इतक्या वर्षांत त्या कडेकडे माणसांनी असं आदराने पहिल्यांदाच पाहिलं असेल. काकांचे कान मात्र लाल झाले.

“थांबा,” दादा खुर्चीवर चढत म्हणाले. “आधी भार तपासला पाहिजे.”

“माझे सासरे कधीपासून लटकतायत तिला!” मालकीणबाई म्हणाल्या.

“तुमचे सासरे फोटोत आहेत,” असं म्हणून दादा दोन्ही हातांनी पट्टीला लोंबकळले.

पट्टी आधी करकरली. मग पट्टी, गिलावा आणि दादा याच क्रमाने खाली आले.

दादांच्या डाव्या मनगटावर सूज चढत होती. काका उजव्या बाजूच्या कपाटातून भेंडोळं घेऊन आले. ते खाली बसले आणि गुंडाळू लागले. त्यांचे कान आता लाल नव्हते. दादा “आई गं” म्हणाले, मग आपला बांधला जाणारा हात बघत राहिले.

“यापेक्षा खिळा परवडला असता,” मालकीणबाई उघड्या पडलेल्या भिंतीकडे बघत पुटपुटल्या.

काकांनी दादांचा हात पट्टीने गळ्यात अडकवला. “हाड शाबूत आहे. पण चित्र एका हाताने कसं नेणार तुम्ही?”

“हाताचं काही नाही.” दादा नाक खाली केलेल्या होडीकडे पाहत होते. “पाय मोडला होता तेव्हा बाबा अख्ख्या वॉर्डावर ओरडायचे. नर्सवर, डॉक्टरवर, माझ्यावर. तुम्ही आलात की मात्र चिडीचूप. त्यांना दुसऱ्या कुणाची पट्टी चालायचीच नाही.” त्यांनी गळ्यातला हात सावरला. “राहू दे चित्र इथेच.”

काकूंनी पदराने डोळे पुसले. चार पावलं मागे सरकल्या आणि मान तिरकी करून बघत राहिल्या.

“अहो, डावी बाजू जरा वर घ्या.”

काका लगबगीने खिडकीकडे धावले.

“चित्राची नाही हो,” काकू म्हणाल्या. “दादाची!”