शेवटच्या वळणावर सुटलेली नाडी

वाचनालयाच्या वरच्या खोलीत कथेवरची चर्चा रंगली होती आणि चष्मेवाल्याचे कान आनंदाने गरम झाले होते. कथा त्याचीच होती. पण ते कुणाला ठाऊक नव्हतं, कारण वाचक मंडळाचा नियमच तसा होता. कथा बिननावाने पेटीत टाकायची, सगळ्यांनी वाचून यायचं, लेखकाने चारचौघांसारखं गुपचूप बसायचं आणि शेवटी अध्यक्षबाईंनी पुकारलं की टाळ्या झेलायला उभं राहायचं. आवडलेली कथा वार्षिक अंकात छापायची. अकरा वर्षं सभासद असूनही चष्मेवाल्याचं नाव त्या अंकात फक्त त्याच्या दुकानाच्या जाहिरातीत आलं होतं. आज ते बदलणार होतं, म्हणून त्याने धाकट्या बहिणीलाही सोबत आणलं होतं. ती मोठ्या इस्पितळात हेड नर्स, पन्नाशीला टेकलेली. तो अजून तिला छकुलीच म्हणायचा.

कथेत शाळेची शर्यत होती. भाऊ पुढे, बहीण मागे. शेवटच्या वळणावर भाऊ मुद्दाम थांबतो, बुटाची न सुटलेली नाडी बांधत बसतो आणि बहीण जिंकते. हे गुपित तो चाळीस वर्षं मनातच ठेवतो. शेवटचं वाक्य लिहिताना चष्मेवाल्याला स्वतःलाच भरून आलं होतं. प्रत्यक्षात हे गुपित त्याने बायकोला, मुलांना आणि डोळे तपासायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला सांगून टाकलं होतं.

"भाऊ असावा तर असा!" दातांचे डॉक्टर म्हणाले.

"त्या एका नाडीत अख्खं नातं बांधलंय लेखकाने," वकीलसाहेबांनी मान डोलावली.

"पाहुण्यांना काय वाटलं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"खरं सांगू?" छकुली म्हणाली. "भाऊ थापाड्या आहे."

खोलीत चुळबुळ झाली. चष्मेवाल्याने उगाच चष्मा पुसायला घेतला.

"अहो, पुढे असलेलं कार्टं नाडी बांधायला थांबतं होय कधी? आमचंच घ्या. मी आणि हा दादा असेच शाळेत पळालो होतो. शेवटच्या वळणावर हाही थांबला. का? तर सकाळी पैज लावून नऊ केळी हाणली होती! कुंपण धरून सगळी बाहेर काढत होता. मी आपली नाक दाबून बाजूने पळाले."

"सात," चष्मेवाल्याच्या तोंडून निसटलं. "सातच होती."

मग काय, हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. हसणं ओसरलं तेव्हा वारं पुरतं फिरलं होतं.

"आता मलाही त्या भावाचा संशय येतोय," डॉक्टर म्हणाले.

"साक्षीदार कुठाय?" वकीलसाहेब सरसावून बसले. "नाडी बांधली हे सांगतो कोण? तो स्वतःच! माझ्या अशिलाने असं सांगितलं तर मी केस घेणार नाही."

"लेखक लहानपणी सपाटून हरलेला दिसतोय," बाई कागद गोळा करत म्हणाल्या. "असो. लेखकाने उभं राहावं."

चष्मेवाल्याने खुर्ची घट्ट धरून ठेवली. उभं राहिलं तर अब्रू जाणार, बसून राहिलं तर कथा केराच्या टोपलीत. आणि त्याहून वाईट म्हणजे छकुलीला कळणार, की आपल्या भावाने इतकी वर्षं आपली शर्यत चोरली होती. त्याला खरोखर लाज वाटली.

छकुलीने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि ती उठली.

"माझी आहे कथा. दादाच्या हातून पेटीत टाकली होती."

"तुमची?" बाई चकित झाल्या. "अहो, तुम्हीच तर तिला झोडपलंत!"

"आपणच सुरुवात केली की बाकीचे मोकळेपणी बोलतात."

वकीलसाहेब ताडकन उठले. "म्हणजे भाऊ थापा मारतोय हे लेखिकेला पहिल्यापासून ठाऊक होतं! काय सोलून काढलाय हो त्याला! एका शब्दाने कळू दिलं नाही!"

कथा एकमताने अंकासाठी निवडली गेली. चष्मेवाल्यालाही टाळ्या वाजवाव्या लागल्या.

जिन्यात त्याने बहिणीला गाठलं. "छकुले, तुला कसं कळलं गं?"

"पहिल्याच पानावर कळलं. तुझ्याकडून चष्मा नेलेला जो पेशंट येतो तो विचारतो, 'त्या नाडीवाल्यांच्या बहीण का तुम्ही?'"

"मग वर माझे एवढे वाभाडे का काढलेस?"

"एकदा तरी माझी बाजू नको का कुणी ऐकायला?"

"आणि उभी का राहिलीस?"

"तेव्हा कुंपण धरलं होतंस तशी खुर्ची धरून बसला होतास रे. पाहवेना." ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. "जा वर, बाई अजून खुर्च्या लावतायत. कथा तुझी आहे म्हणून सांगून टाक. मी रागावणार नाही."

चष्मेवाल्याने वरच्या दाराकडे पाहिलं. मग बहिणीकडे. शर्यत जिंकल्यावर होतं तसंच हसू चाळीस वर्षांनी तिच्या तोंडावर होतं.

"राहू दे," तो म्हणाला. "छापू देत तुझ्याच नावाने."

"नक्की? उद्या दुकानात सांगत सुटशील, बहिणीसाठी मीच माघार घेतली म्हणून."

चष्मेवाला तिच्या मागोमाग जिना उतरू लागला. सांगितलं असतं तरी आता विश्वास कोण ठेवणार होतं!