आगेसबाईंनी झाड राखिले त्याची हकिकत

श्री. गव्हाणीत निजले त्या बाळप्रभूस दंडवत, आणि त्यास ऊब देणाऱ्या मुक्या जनावरांसही दंडवत. शके एकोणीसशे एकवीस, प्रमाथी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, नाताळ तोंडावर आला असता जे रण जाहले ते येणेप्रमाणे.

समुद्रकाठी एक संस्थान होते. नाव लिहिण्याची आज्ञा नाही. राज्याचा विस्तार म्हणाल तर तीन खोल्या, पुढे ओटी, मागे विहीर. गादीवर कैतानराजे, मोठे मानी पुरुष, एकदा शब्द तोंडातून गेला की मागे घेणे नाही. राजमाता रेजिनाबाई नेत्रांनी अधू होऊन खाटेवर असत, आणि कारभार सारा राणीसाहेब आगेसबाई यांचे हाती. याखेरीज राज्यात कैरी नामे मार्जारी व तिचे दोन धिप्पाड पुत्र नांदत होते. राजमातांस दिसेनासे जाहले तेव्हापासून कैरी त्यांचे मांडीवर बसे, आणि मातुश्री आपली सुखदुःखे सारी तिजला सांगत, आणि ती ऐकून घेई, जे घरात दुसऱ्या कोणास फुरसतीअभावी जमत नसे.

ऐसियास गेले साली ऐन नाताळी, गाणारी मंडळी दारी उभी असता, मांजरांनी घरातील सजविल्या झाडावर चढाई करून ते आडवे केले, ते थेट करंज्यांचे परातीत. मंडळी पोट धरून हसली आणि राजांचा चेहरा पडला. म्हणोन यंदा राजे खासा सुरूचे बनात गेले, मनाजोगे झाड तोडून आणिले, वाळूचे डब्यात रोविले, आणि बुंध्यास मध्यावर दरसालचा दोर घालून खिडकीचे गजाशी स्वहस्ते बांधिले. मग चार भाऊबंदांसमक्ष बोलिले, "यंदा झाड पडलं त तिन्ही मांजरं खाडीपलीकडं बंदरावर नेऊन सोडीन."

भाऊबंदांनी माना डोलाविल्या. राणीसाहेबांनी खाटेकडे पाहिले. राजमातांचा हात कैरीचे पाठीवर होता तो तेथेच थांबला. ते पाहून आगेसबाईंनी पदर खोचून मनाशी नेम केला की झाड पण राहील आणि मांजरे पण राहतील, मग हाडांची काडे झाली तरी बेहत्तर.

मग मोहीम सुरू जाहली. प्रथम संत्र्यांच्या साली झाडाभोवती पसरिल्या, कारण मांजरास तो वास सोसत नाही असे शेजारचे दरबारी खात्रीने सांगितले होते. मांजरांनी साली हुंगिल्या, नाके मुरडिली आणि वरून उडी घेतली. मग ताटे-वाट्यांचा कोट रचिला, की शत्रू येता खणखणाट व्हावा. खणखणाट जाहला, त्याने राजमाता दचकल्या, राजांचे हातचा चहा सांडला, आणि शत्रू मात्र शांतपणे वर चढला. मग ताडीचा आंबट शिरका शिंपडिला, त्याचे वासाने घरात येणारा प्रत्येकजण जेवणात काय आहे म्हणोन विचारू लागला. मग खालच्या फांद्यांवरील चमकते गोळे काढून सारे शेंड्याकडे नेले, तेणेकरून झाड एखाद्या टकल्या माणसाने उलटी टोपी घालावी तसे दिसो लागले, तरी मांजरे येतच राहिली. प्रत्येक वेळी राणीसाहेब स्वयंपाक टाकून धावत, झाड सावरीत आणि पुन्हा चुलीशी जात. भात दोनदा करपला. माघार म्हणोन घेतली नाही.

अखेर शेजारून कुत्र्याची कुमक मागविली. कुत्रा आला, मांजरांकडे ढुंकूनही पाहिले नाही, सरळ झाडापाशी गेला आणि बुंध्याचा दोर दातांत धरून ओढू लागला. तेव्हा राणीसाहेब चमकल्या. मांजरास चमकते गोळे हवे असतील, परंतु कुत्र्यास त्याचे काय? मग नीट पाहता ध्यानी आले की ओरखडे व दातांच्या खुणा साऱ्या दोराभोवती आहेत, गोळ्यांस एक नख लागलेले नाही. त्यांनी दोर हुंगिला. काही वास येईना. मग विहिरीवर गेल्या, तोंड धुतले, लिंबाचे झाडाखाली उभे राहून दीर्घ श्वास घेतले, आणि परत येऊन हुंगितात तो सुकटीचा घमघमाट! दोर वर्षभर माळ्यावर सुकटीचे टोपलीत असे. वर्षानुवर्षे तेथेच ठेवीत आले, म्हणोन कोणास वावगे वाटले नाही, आणि साऱ्या घरालाच तो वास, म्हणोन कोणाचे नाकास कळले नाही.

आता शोध लागला, परंतु पेच मोठा. तो दोर राजांचे वडिलांचे होडीचा; मातुश्री तीस होरी म्हणत. झाड बांधावे ते आपल्या होडीचे दोराने, अशी त्या किनाऱ्याची चाल. वडील वारले, होडी मोडीत निघाली, आणि दोर तेवढा उरला. नाताळाचे आदले दिवशी दुपारी, राजे जेवून उठले असता, राणीसाहेबांनी सारे वर्तमान स्पष्ट सांगितले, आणि दोर राखेचे पाण्यात उकळून काढू म्हणोन मसलत दिली.

राजे म्हणाले, "धुतला त बाबांचा वास जाईल. टोपली उघडली का बाबा घरात आल्यावाणी वाटतं."

आगेसबाईंस हे ठाऊक नव्हते. इतकी वर्षे संसार करून हे आपणास कळले नाही याचे त्यांस फार वाईट वाटले, परंतु त्या डळमळल्या नाहीत.

"नको धुवायला," त्या म्हणाल्या. "पण बाबांचा दोर ठेवायचा आणि आईची मांजरं घालवायची, हे बाबांना तरी पटलं असतं काय?"

राजे उठले आणि आपले हाताने गाठ सोडो लागले. राणीसाहेबांनी काथ्याची कोरी दोरी आणिली, आणि उभयतांनी मिळून झाड पुन्हा बांधिले. मग जुना दोर कोठे ठेवावा असा प्रश्न पडला. आगेसबाईंनी त्याचे वेटोळे केले आणि नेऊन राजमातांचे खाटेवर उशाशी ठेविले. लागलीच तिन्ही मांजरे झाड सोडून खाटेवर चढली आणि दोराभोवती अंग टाकून निजली. हालचाल ऐकून राजमातांनी हात पुढे केला. दोर हातास लागला. त्यांनी तो उचलून नाकाशी नेला आणि उठून बसल्या.

"कैतान," त्या म्हणाल्या, "होरी आयली का रे?"

राजे खाटेचे काठावर बसले. "आयली, आई," म्हणाले.

एवंच, झाड सहा जानेवारीचे तीन राजांचे सणापावेतो उभे राहिले आणि मांजरे राज्यात राहिली. त्याच संध्याकाळी गाणारी मंडळी आली, त्यांस झाड राणीसाहेबांनी दाखविले. राजे दारी गेले नाहीत. ते मातुश्रींजवळ बसून, होडीत काय काय मासळी आली ते एकेक नाव घेऊन सांगत होते. लेखनसीमा.