डॉक्टर मकरम यांचे पथ्य

सोमवारीही डॉक्टर मकरम नाशिद यांच्या नावापुढे हिरवी खूण नव्हती. शुब्रा वस्तीतल्या त्यांच्या चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज संध्याकाळी यादी येत असे. मोठ्या उपासाचा दुसरा आठवडा चालू होता आणि चर्चच्या सगळ्यांच्या ताई, तासोनी मार्सेल, यांनी ठरवून दिले होते : प्रत्येकाने आपल्या श्रद्धेविषयी चर्चबाहेरच्या बारा जणांना लिहायचे. आयता मजकूर पुढे पाठवायचा नाही, स्वतःच्या शब्दांत लिहायचे, आणि त्यांनीही आणखी बारा जणांना कळवावे अशी विनंती करायची. एकेचाळीस नावांपैकी चाळीस हिरवी झाली होती.

"एक्क्याऐंशी वर्षांच्या मावशीनं, तांत मातिल्दानंसुद्धा पाठवलं," बायको एवोन म्हणाली. "फोन उलटा धरलाय हेही कळत नाही तिला. आणि तू? चर्चमध्ये सगळ्या माझ्याकडे कशा बघतात माहितेय?"

"निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक मुसलमान आहे, एवोन. औषध घ्यायला येतात बिचारे. त्यांना मी काय लिहू?"

"येशूची लाज वाटते म्हण की सरळ."

हे वाक्य त्यांना जरा जास्तच लागले. उपासात मांस, दूध, अंडी, चीज, लोणी सगळे वर्ज्य, आणि दुपारपर्यंत पोटात काहीच नको. आणि डॉक्टर मकरम रोज सकाळी दहा वाजता, दुकानाच्या मागच्या खोलीत, खोकल्याच्या औषधांच्या खोक्यांआड उभे राहून पाव किलो पांढरे चीज खात होते. समोरच्या डेअरीचे हाजी सय्यद ते कागदात गुंडाळून स्वतः आणून देत. पंचावन्न दिवस चीजवाचून काढणे मकरमना आयुष्यात एकदाही जमले नव्हते, आणि एवोनला ते आयुष्यात एकदाही कळले नव्हते.

मंगळवारी दुपारी त्यांनी लिहायला घेतले. मजकूर छान उतरला. वर क्रूस, मग शुभवर्तमानातले वचन, मग 'ख्रिस्तावरच्या प्रेमापोटी'. मग पहिले नाव निवडले, हाजी सय्यद. हाजींना क्रूस कसा वाटेल? क्रूस काढला. वचन तसेही लांबले होते, तेही गेले. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या उम्म हिशामला 'प्रेमापोटी' वाचून संकोच वाटेल, म्हणून ते गेले. 'आत्म्याला फार गुण येतो' या ओळीत आत्मा जड वाटला. शेवटी बारा गिऱ्हाइकांना पोचले ते असे :

"पंचावन्न दिवस मांस, दूध, अंडी, चीज, लोणी पूर्ण बंद. दुपारपर्यंत पोटात काही नको. फार गुण येतो. आणखी बारा जणांना कळवा. — डॉ. मकरम."

संध्याकाळी एकेचाळिसावी हिरवी खूण झळकली. एवोनने त्यांच्या मसुराच्या सूपमध्ये लिंबू स्वतः पिळले.

शुब्रात औषधाच्या दुकानदाराला डॉक्टरच म्हणतात, आणि डॉक्टरला कोणी कारण विचारत नाही. गुरुवारी एका बाईने विचारले, "डॉक्टर, तेलाऐवजी थोडंसं तूप चालेल?" मकरम सवयीने म्हणाले, "नको." शुक्रवारी एका टॅक्सीवाल्याने कबुतराच्या मांसाबद्दल विचारले. तेही त्यांनी बंद केले. शनिवारी सकाळी हाजी सय्यद आत आले आणि त्यांनी दुकानाचे दार लोटून घेतले.

"डॉक्टर, कुठली साथ आलीय? मला तरी खरं सांगा."

"कसली साथ?"

"चार दिवस माझं दूध कुणी नेत नाही! मला वाटलं, माझं कोलेस्टेरॉल बघून तुम्ही मलाच लिहिलंय. तर अख्खी गल्ली पथ्यावर! माझी बायको माझं दूध पीत नाही. तीस वर्षांत माझं एक ऐकलं नाही तिनं, आणि तुमचं न भेटता ऐकते!"

तेवढ्यात दार ढकलून उम्म हिशाम आली आणि काउंटरवर ओणवी झाली. तोंड पांढरे पडले होते.

"गरगरतंय, डॉक्टर. शुगरची गोळी घेतली, पण दुपारपर्यंत काही खायचं नाही ना..."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की!"

त्यांनी घाईघाईने तिला आंब्याचा रस पाजला. दोन घोटांनी तिचा रंग परतला, मकरमचा गेला. आणि नेमक्या त्याच वेळी तासोनी मार्सेल फोन उंच धरून आत शिरल्या, मागोमाग एवोन.

"एका गल्लीत तीनशे माणसं उपास करतायत!" तासोनी म्हणाल्या. "डॉक्टर, साक्ष द्या. गटावर व्हिडिओ लावलाय, सगळे बघतायत!"

मान डोलावून गप्प बसले असते तर मकरम चर्चचे वीर ठरले असते. त्यांनी उम्म हिशामच्या हातातल्या पेल्याकडे पाहिले.

"हे पथ्य नाही," ते म्हणाले. "हा आमचा उपास आहे. ख्रिस्तासाठी करतात तो. ते लिहायची मला लाज वाटली, म्हणून तेवढंच काढलं, आणि उरलं ते तुम्ही पाळताय. उम्म हिशाम, उद्यापासून पोटभर नाश्ता करून गोळी घ्यायची. बाकीच्यांनीही जे खात होते ते खावं."

"अगं बाई, एवढंच?" उम्म हिशाम म्हणाली. "मग तसं लिहायचं की! रमजानमध्ये तुम्ही आमच्यासमोर पाणी पीत नाही. आम्ही काय तुम्हाला खाणार होतो?"

तासोनींनी डोळे पुसले. हाजी सय्यद मात्र भुवया आक्रसून उभे होते.

"एक मिनिट. उपासाला चीज चालत नाही?"

"नाही."

"एक दिवससुद्धा?"

"नाही."

"मग रोज दहाला मी पाव किलो आणून देतो, ते कोण खातं?"

फोन चालूच होता. एवोन सावकाश मागच्या खोलीकडे वळली.

"मी," डॉक्टर मकरम म्हणाले.

त्या संध्याकाळी गटावर यादी आली नाही. मग तांत मातिल्दाने लिहिले : "मी चहात दूध घालते." त्यानंतर एकेकाची कबुली येत गेली. तासोनी मार्सेल शेवटी बोलल्या : "लोण्याची बिस्किटं. दोन." पाच मिनिटांनी त्यांनी दुरुस्ती केली : "चार."

रविवारी दहाच्या ठोक्याला हाजी सय्यद कागदाची पुडी घेऊन आले.

"नको हाजी. आता खरंच नको."

"उघडा तर."

आत गरम तामिया होत्या, वाटलेल्या कडधान्याचे वडे.

"उपासाच्या आहेत. बायकोनं तळल्यात. उपास सुटून तुमची ईद येईपर्यंत चीज मिळणार नाही."

मकरमनी एक उचलली. हाजींनी ती हळूच काढून घेतली आणि पुडी बांधली.

"दुपारपर्यंत पोटात काही नको," ते म्हणाले. "तुमचंच पथ्य."

समोर डेअरीपुढे दुधासाठी रांग लागली होती. तिच्याकडे पाठ करून, पुडी मांडीवर ठेवून, हाजी सय्यद बारा वाजेपर्यंत स्टुलावर बसून राहिले.