कडेनं धरा!

अण्णा हिप्परगे दुकानदाराकडून सुटे पैसे कधी हातात घेत नसत. खिशातून घडीचा पांढरा रुमाल काढायचा, ओंजळीवर पसरायचा आणि म्हणायचं, "टाका हितं." मंगळवार बाजारात मंद्रूपकडून भाजी घेऊन येणाऱ्या एका बाईला हा प्रकार पहिल्यांदा बघून असा राग आला, की तिनं दिलेली मेथीची जुडी परत पाटीत टाकली.

"माज्या हाताचा इटाळ होतो व्हय तुमाला?" तिनं भर बाजारात विचारलं.

अण्णा गडबडले. "तसं न्हाय वो बाई. हाताचा घाम लागतो की पैशाला!"

बाईनं आपला हात बघितला, नाणं बघितलं, मग अण्णांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि शेजारणीला म्हणाली, "चांगल्या घरचं हाय गं, पन येडं हाय." मग मेथी दिली आणि वर कोथिंबिरीच्या चार काड्याही घातल्या.

हे अण्णा आमचे शेजारी. एका गिरणीच्या स्टोअरमध्ये कारकून. मी शाळामास्तर. दोन्ही घरांत एकच भिंत, त्यामुळे त्यांच्याकडं मिरच्यांची फोडणी पडली की आमच्याकडं शिंका सुरू. अण्णांची नोकरी गिरणीत होती, पण जीव मुंबईच्या टांकसाळीत अडकलेला. सरकार कसल्या ना कसल्या निमित्तानं खास नाणी काढतं. कधी कुणाची शताब्दी, कधी शेती, कधी महिला वर्ष. त्यातली काही बाजारात फिरतात आणि आपण त्यांचे शेंगदाणे खातो. पण काही नाणी टांकसाळ वेगळी पाडते, अगदी मोजकी. तोंड दिसेल इतकी लखलखीत, डबीत बसवलेली. आगाऊ पैसे भरणाऱ्याला ती पोस्टानं घरपोच येतात. अण्णा ती जमवत. जेवढी कमी पाडलेली, तेवढा अण्णांचा त्यांच्यावर जीव जास्त.

पुढं पुढं तर जगातल्या सगळ्या चांगल्या गोष्टींना त्यांनी हेच माप लावलं. आमच्या मालतीनं केलेली शेंगाचटणी चाखून ते म्हणाले, "वैनी, असली चटणी लई कमी पाडलीया." गिरणीत नवा साहेब आला, तर "माणूस बरा हाय, पन असले ढीगभर पाडल्यात." मला ते कोणत्या वर्गात धरत, हे विचारायचं धाडस मी केलं नाही.

त्यांचं नवं नाणं बघायला जाणं हा एक सोहळा असे. आधी मोरीवर जाऊन साबणानं हात धुवायचे. मग ते कोरडे झालेत की नाही, हे अण्णा स्वतः बघणार. मग सतरंजीवर मांडी घालून बसायचं, कारण उभ्यानं नाणं पडलं तर फरशीवर पडेल. एवढं झाल्यावर डबी उघडायची आणि आपण हात पुढं केला रे केला, की अण्णा ओरडणार, "कडेनं धरा! कडेनं! अंगठा लावू नका!" नाण्याच्या तोंडावर बोट टेकलं की घामाचा ठसा उठतो, तो वर्षागणिक काळा पडत जातो आणि पुसायला गेलं तर चकाकी जाते, म्हणजे नाणं मेलंच. हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं, की मी शाळेत खडूसुद्धा कडेनं धरायला लागलो होतो.

एकदा आम्ही दोघं एसटीनं अक्कलकोटला स्वामींच्या मठात निघालो होतो. कंडक्टरनं सुट्या पैशांत एक नव्या छापाचं दहा पैशांचं नाणं दिलं. अगदी कोरं. अण्णांचे डोळे चमकले. "असली आनखी हायत का? एकाला रुपया देतो."

कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली. गाडी थांबली. "दहा पैशाला रुपया? मग ह्ये खोटं असनार. आना इकडं ते!" अण्णा ते परत देईनात, कंडक्टर गाडी सोडीना. मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं कन्नडमधून काहीतरी सुनावलं, त्यावर अर्धी गाडी हसली. शेवटी मीच मास्तर म्हणून ग्वाही दिली, की नाणं खरं आहे, माणूसही खरा आहे, फक्त छंद वेगळा आहे. गाडी हलली. अण्णा रुमालाची पुरचुंडी छातीशी धरून बसले होते. मठात त्यांनी दक्षिणापेटीत जुनं, झिजलेलं नाणं टाकलं.

या माणसाच्या संसारात गोदाक्का कशा राहिल्या असतील, हा प्रश्न आमच्या मालतीला नेहमी पडे. गोदाक्का म्हणजे अण्णांची बायको. बुटक्या, गोऱ्या, बोलणं कमी आणि काम सतत. टांकसाळीला पैसे पाठवायची वेळ आली की अण्णांची तंबाखू बंद होई आणि गोदाक्कांचं नवं लुगडं पुढच्या सणावर जाई. त्यांनी कधी तक्रार केलेली मी ऐकली नाही. मूलबाळ नव्हतं. अक्कलकोटला नवस बोलून झाले होते, डॉक्टर करून झाले होते. आता त्या विषयावर कुणी बोलत नसे. आमची दोन्ही पोरं मात्र शाळेतून आली की दप्तर आधी गोदाक्कांच्या दारात टाकत.

आता पाडव्याबद्दल सांगतो. दिवाळीच्या पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते आणि नवरा तबकात ओवाळणी घालतो. ही रीत अण्णांनी सुधारून घेतली होती. त्या वर्षी आलेलं सगळ्यांत भारी नाणं ते रुमालात धरून तबकात ठेवत. गोदाक्का ओवाळत. ओवाळून झालं, की अण्णा नाणं उचलून डबीत घालत आणि त्याच्या जागी पाच रुपयांची नोट ठेवत. लक्ष्मीला नाणं दाखवून झालं आणि नाण्याला काही झालं नाही, असा दुहेरी फायदा. आम्ही फराळाला तिथंच असायचो. "अण्णा, ओवाळणी देताय की उसनी आणताय?" असं मी दरवर्षी विचारायचो आणि सगळ्यांत मोठ्यानं गोदाक्का हसायच्या.

मग ते पन्नास रुपयांचं नाणं आलं. चांदीचं, हातात जड लागणारं. त्या साली सरकारचा कुटुंब नियोजनावर जोर होता, म्हणून नाण्यावर एक छोटं कुटुंब काढलं होतं: आई, बाप आणि दोन मुलं. अण्णा आठवडाभर जमिनीवर नव्हते. "मास्तर, ह्ये तर लईच कमी पाडलंय!"

पाडव्याला ते तबकात पडलं. गोदाक्कांनी ओवाळलं. अण्णांनी रुमाल पुढं केला, पण त्याआधी गोदाक्कांनी तबक खाली ठेवून नाणं उचललं होतं. निरांजनाच्या तेलाचे, हळदीकुंकवाचे हात. त्यांनी ते उजेडाकडं धरलं आणि अंगठा त्या दोन मुलांवरून अलगद फिरवला.

"अगं, अंगठा! कडेनं धर!" अण्णा किंचाळलेच.

"ह्ये एक माझ्याकडं ऱ्हाऊ दे की," गोदाक्का म्हणाल्या. लग्नानंतर एवढ्या वर्षांत त्यांनी काही मागितलेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

अण्णांचं लक्ष चांदीवर उठलेल्या ठशाकडं होतं. रागात माणूस समोर काय आहे ते बघत नाही. ते म्हणाले, "तुला काय करायचंय त्ये? कुनासाठी ठेवनार हाईस?"

मालतीनं हातातली चकली खाली ठेवली. गोदाक्कांनी नाणं परत तबकात ठेवलं, आणि ठेवताना ते कडेनं धरलं. मग आमच्या पोरांना म्हणाल्या, "लाडू घ्या रे, मऊ झालेत ह्या खेपी." अण्णांचा रुमाल तसाच पसरलेला राहिला. आपण काय बोललो, ते त्यांना तेव्हा कळलं. मला त्यांचा संताप आला होता, पण त्यांचं तोंड बघून तो ओसरला.

पुढच्या पाडव्याला अण्णांनी तेच नाणं पुन्हा तबकात ठेवलं. ओवाळून झाल्यावर रुमाल काढलाच नाही. "ऱ्हाऊ दे ते. तुझंच हाय," असं तबकाकडं बघत म्हणाले. गोदाक्का नुसत्या हसल्या. दुसऱ्या दिवशी अण्णांनी कपाट उघडलं, तर नाणं आपल्या डबीत, आपल्या जागी. "तुमचा संच अपुरा दिसंल," एवढंच त्या म्हणाल्या आणि भाकरी थापायला बसल्या. हे अण्णांनीच मला सांगितलं, मैदानाच्या कट्ट्यावर बसून. सांगताना रुमालाची घडी घालत होते आणि मोडत होते. म्हणाले, "भांडली असती तर बरं झालं असतं, मास्तर."

त्यानंतरच्या पाडव्यांना एक नवीन गोष्ट दिसू लागली. तबकात जुन्या धोतराचा मऊ, धुतलेला तुकडा अंथरलेला असे. नाण्याला पितळ लागून ओरखडा येऊ नये, म्हणून गोदाक्का तो घालत. अण्णा दरवर्षी ते पन्नासाचं नाणं त्यावर ठेवत आणि गोदाक्का दरवर्षी ते डबीत परत नेऊन ठेवत. माझी ती उसन्या ओवाळणीची थट्टा मी केव्हाच बंद केली होती.

मग एका उन्हाळ्यात गोदाक्का गेल्या. ताप आला, उतरला, पुन्हा आला आणि दवाखान्यात हलवेपर्यंत संपलंच. अण्णा रडले नाहीत. सुतकात भेटायला येणाऱ्या माणसांसाठी मोरीवर साबण ठेवत राहिले, सवयीनं.

दिवाळीआधी त्यांनी पुण्याच्या एका व्यापाऱ्याला बोलावून घेतलं. सगळी नाणी विकायची होती. सोबतीला म्हणून मी बसलो होतो. व्यापारी जाणता होता, हात न सांगता धुऊन आला. एकेक डबी उघडून भिंगातून बघत होता आणि बाजूला रास करत होता. पन्नासाच्या डबीपाशी थांबला. चांदीवर तपकिरी, जवळजवळ काळा झालेला अंगठा स्पष्ट उमटला होता. रेषा न् रेषा दिसत होती. खाली दोन मुलं.

"अरेरे," तो म्हणाला. "एवढं कमी पाडलेलं नाणं, कुणी हो असं धरलं? ह्याचे आता चांदीचेच पैसे."

"त्ये विकायचं न्हाय," अण्णा म्हणाले.

"ह्याच्याशिवाय संच अपुरा राहतो. भाव कमी करावा लागेल."

"करा की."

व्यापाऱ्यानं भाव केला. अण्णांनी घासाघीस केली नाही, नोटा मोजल्यासुद्धा नाहीत. पेट्या रिक्षात गेल्या. कपाट रिकामं झालं. अण्णा सतरंजीवर मांडी घालून बसले आणि त्यांनी ती उरलेली एक डबी उघडून मांडीवर घेतली. गिरणीचा भोंगा झाला तरी ते उठले नाहीत.

काही बोलावं म्हणून मी म्हणालो, "बघू अण्णा, द्या इकडं."

त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं. मग डबी पुढं केली. मी नाण्याला हात घालणार, तेवढ्यात ते म्हणाले, पण या खेपेला ओरडून नाही, "कडेनं धरा, मास्तर. तिचा अंगठा पुसंल."

मी कडेनंच धरलं.