तळ्यावरची बाळंतीण

कुडव्याच्या बगिच्यातल्या तळ्याकाठी एक बाई पाण्याकडे तोंड करून कुणाला तरी दटावताना दिसली, की नवीन माणूस दचकतो. आम्ही रोजचे फिरणारे दचकत नाही. रहांगडाले सिस्टरांचा राऊंड चालू आहे, एवढंच समजायचं.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या रिटायर्ड नर्सबाई. सडक अर्जुनीकडच्या खेड्यांत त्यांनी जन्मभर बाळंतपणं केली. रिटायर झाल्यावर मुलीनं हौसेनं दुर्बीण पाठवली आणि सिस्टरांना पुन्हा वॉर्ड मिळाला. पक्ष्यांची नावं त्यांना येत नाहीत आणि शिकायचीही नाहीत. "नाव कायले पाह्यजे? तब्येत पाहा," हा त्यांचा खाक्या. बगळा एका पायावर उभा दिसला की दुसऱ्या पायाला सूज आली असेल म्हणून काळजी. पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला, तर याला कणकण आहे म्हणाल्या. मी म्हटलं, सिस्टर, थर्मामीटर आणू का? त्यावर माझी शुगर किती वाढली आहे हे त्यांनी अख्ख्या बगिच्याला ऐकवलं. तेव्हापासून मी जपून बोलतो.

यंदा पावसाळ्यात शिंगाड्याच्या पानांवर एका लांब शेपटीच्या पक्ष्याची अंडी दिसली. खाली तरंगती पानं, वर अंडी आणि जवळूनच पायडलच्या बोटी जाणार. एक मोठी लाट आली की सगळं पाण्यात. सिस्टरांचा जीव तिथे अडकला. त्यांनी बोटवाल्याला गाठलं. "बाळंतिणीच्या खोलीतून वरात नेते का रे कोणी?" तो बिचारा म्हणाला, धंदे का टाइम है मॅडम. पण त्याच्या बायकोची दोन्ही बाळंतपणं सिस्टरांच्याच हातची निघाली. झालं, संपलाच विषय. दोरी बांधून त्यानं तो कोपरा बंद केला.

तरी सिस्टरांना चैन नव्हतं. तो पक्षी सदा एकटाच. ऊन असो की सर येवो, आपला अंड्यांवर बसलेला. थोडा उठला की सिस्टर काठावरून ओरडायच्या, "बाई, बस खाली, ओली होशील." आणि जोडीदाराचा पत्ता नाही म्हणून त्यांचा पारा चढायचा. "बायकोले एकटी टाकून हा गावभर फिरून राहिला. सारे नवरे असेच." हे म्हणताना त्या आमच्याकडे अशा बघायच्या की काही न करता माझी मान खाली जायची.

माझा साडू नागझिऱ्यात गाईड आहे. एका रविवारी तो घरी आला, तेव्हा मी त्याला तळ्यावर नेलं. त्यानं दुर्बीण लावली आणि सहज सांगून टाकलं, की हा कमळपक्षी, आणि अंड्यांवर बसलाय तो नर. यांच्यात मादी अंडी देऊन निघून जाते. उबवणं, पिल्लं सांभाळणं, सगळं बापाकडे.

मला तर गुदगुल्याच झाल्या. इतके दिवस बोलणी खाल्लेल्या तमाम नवऱ्यांच्या वतीनं मी सिस्टरांकडे वळलो. वाटलं, आता साडूची काही खैर नाही. पण त्या बाकावर बसल्या आणि दुर्बिणीची काच पदरानं पुसत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या घरीबी असंच होतं, भाऊ."

त्यांचे यजमान रहांगडाले गुरुजी आता नाहीत. फार शांत माणूस. सिस्टरांना वेळी-अवेळी बोलावणं यायचं, त्या निघून जायच्या आणि लहानगी लेक रश्मी गुरुजींकडे असायची. आम्हाला हे ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

पुढे काही दिवसांनी पिल्लं निघाली. इवलीशी पोरं, पण पानांवरून तुरुतुरु धावत होती, आणि बाप मागेमागे. सिस्टरांनी तिथूनच रश्मीला हैदराबादला फोन लावला. स्पीकरशिवाय त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे सगळं आमच्याही कानावर. सारी पिल्लं सुखरूप आहेत असं सांगून झालं आणि त्यांनी मध्येच विचारलं, "रश्मी, मी ड्युटीवर गेली का बाबा तुले कसे झोपवत?"

रश्मी हसली. "झोपवत कुठं? तू येईपर्यंत आम्ही दोघं ओट्यावर बसून राहायचो."

"खोटं नोको बोलू. मी आली का तुमी दोघंबी झोपलेलेच दिसत."

"अगं, तुझ्या लुनाचा आवाज आला की बाबा मला उचलून आत पळायचे. म्हणायचे, डोळे मीट, आई दमून येते, आपण जागे दिसलो तर तिला वाईट वाटंल."

सिस्टरांनी फोन खाली धरला आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. तिकडून रश्मी आई, आई करत राहिली. शेवटी त्यांनी फोन तोंडाजवळ नेला.

"मले वाटे," त्या म्हणाल्या, "माझ्याबिगर तुमचं काहीच अडत नाही."