रविवारी बरी असणारी गाडी

माझं नाव हंबीरराव. कवठे महांकाळमध्ये ज्याला हे नाव ठाऊक नाही, तो एकतर गावात नवा आहे किंवा निर्दोष आहे. नोकरीची सगळी वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर गुन्ह्यांच्या तपासाकडे वळलो. फार फरक पडला नाही. फळ्याकडे तोंड करून उभं असताना मागून खडू कोणी फेकला हे मी न वळता सांगायचो. पोरगं नाही म्हणायचं, पण नाही म्हणणं हीच तर खूण असते. माझ्याकडे आलेलं एकही प्रकरण आजवर अनुत्तरित राहिलेलं नाही. उत्तर चुकलं असेल, पण दिलंच नाही असं कधी झालं नाही.

माझा सहायक कृष्णात. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, बर्फातल्या घाटांत ट्रक चालवलेला माणूस. माझा तर्क ऐकून झाला की तो फक्त "ठीक हाय, सर" म्हणतो. बुद्धिमत्तेसमोर माणूस कमीच बोलतो.

एका शनिवारी संध्याकाळी आम्रपाली माझ्याकडे आली. ही माझी जुनी विद्यार्थिनी. सांगलीला एका लॅबमध्ये रक्त तपासते आणि रोज स्वतःच्या छोट्या पेट्रोल गाडीनं जाऊन येऊन करते. घरी ती आणि तिची आत्या, बनुबाई, अशा दोघीच.

"सर, गाडी पिकअप घेत नाही," ती म्हणाली. "चढावर तर मागचे ट्रॅक्टर हॉर्न देतात."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या सुट्टीनंतर. दुरुस्तीवाल्याला घरी बोलवलं होतं. त्यानं बॉनेट उघडून सगळं बघितलं, म्हणाला गाडी ठणठणीत आहे. आता लॅबमधली पोरं म्हणतात, बाहेरचा एअर इनटेक बसवून घे, गाडीला श्वास मोकळा होतो. साताऱ्यात एकाचं दुकान आहे. उद्या जाऊन ठरवणार आहे. तुम्ही येता का?"

मग तिनं आवाज खाली आणला.

"हे नाही जमलं तर एक तारखेपासून सांगलीत खोली घेणार आहे. सकाळी दोनदा उशीर झाला, आता तिसऱ्यांदा चालणार नाही. खोली बघून ठेवलीय. आत्याला अजून काही सांगितलं नाही. ती शेळ्या सोडून यायची नाही आणि तिला एकटीला ठेवायचं म्हणजे… गाडी सुधारली तर सांगायची वेळच येणार नाही."

प्रकरण गंभीर होतं. मी होकार दिला. गाड्यांच्या बाबतीत माझा अधिकार आहेच. याच दिवाळीच्या सुट्टीत गल्लीतली पोरं जमवून, याच गाडीचं बॉनेट उघडून मी 'इंजिन आणि त्याचा श्वास' हा पाठ घेतला होता. आतला खटका कुठला ओढायचा, हवा कुठल्या तोंडातून आत जाते, आपल्याकडची धूळ त्या तोंडाची कशी वैरी आहे, सगळं दाखवून. पोरं मध्येच क्रिकेटला पळाली, पण मागं शेंगा फोडत बसलेली बनुबाई शेवटपर्यंत हलली नव्हती. शिक्षकाला एवढं पुरतं.

रविवारी सकाळी मी आणि कृष्णात आम्रपालीच्या अंगणात हजर झालो. पोचल्याबरोबर मी घटनास्थळ नजरेखालून घातलं. नळाच्या तोंडाला फडकं बांधलेलं. टाकीत पाणी सोडणाऱ्या पाइपला फडकं. माठावर फडकं. दोरीवर जाडजूड घड्यांचं आणखी एक फडकं धुऊन वाळत घातलेलं. स्वच्छ घर. तपासाच्या दृष्टीनं निरुपयोगी.

"आत्या, येतो सातारला जाऊन," आम्रपाली म्हणाली.

"आज तरी घरी बसायचं गं," बनुबाई म्हणाली. "आन् आवं गुरजी, तुमी मागंच बसा, पुढं पाय मावायचं न्हाईत तुमचं."

मी मागं बसलो. पण गाडी निघाली आणि आम्ही चकित झालो. तासगाव गेलं, विटा गेलं, गाडी पाखरासारखी. कराडच्या पुढं महामार्गावर तर कृष्णात सुखानं झोपला.

"आज काय झालंय हिला?" आम्रपाली म्हणाली. "काल तर रडत होती."

"आठवडाभराचा क्रम सांग," मी म्हणालो.

"सोमवारी जरा जड. मग रोज थोडी जास्त. शनिवारी सगळ्यात वाईट. रविवारी मी गाडी काढतच नाही सहसा. त्या दुरुस्तीवाल्यानं चालवून बघितली तोही रविवारच होता."

मी डोळे मिटले. धागे जुळत होते.

"थकवा," मी म्हणालो. "सोमवार ते शनिवार वाढत जातो आणि रविवारी जातो. मी शाळेत हेच अनुभवलंय. गाडीला नोकरीचा कंटाळा आलाय."

"ठीक हाय, सर," पुढून आवाज आला. कृष्णात जागा होता.

उंब्रजच्या आसपास मी हा सिद्धांत मागं घेतला, कारण नवा सुचला. सांगलीकडे जाताना गाडीत आम्रपालीसोबत तिच्या तीन मैत्रिणी असतात. चार बायका, चार डबे. आज डबा एकही नाही.

"सर, आज तुम्ही दोघं आहात की," आम्रपाली म्हणाली. "कृष्णातमामा एकटेच दोन मैत्रिणींएवढे भरतील."

सातारा जवळ आला तसा तिसरा आणि अंतिम सिद्धांत तयार झाला. हवा. साताऱ्याची हवा गार, आपली तापलेली. गाडी गार हवेकडे चाललीय म्हणून खूश आहे.

"आवं सर, पण ती दारातनंच खूश निघालीया," कृष्णात म्हणाला. "तवा कुठं सातारा?"

"तिला दिशा कळली असेल."

"ठीक हाय, सर."

दुकानदाराचं नाव दिग्विजय. दुकान काचेचं, आणि काचेत रंगीबेरंगी नळ्या मांडलेल्या. त्यानं बॉनेट उघडून आत बघितलं. फिल्टर स्वच्छ, तोंड मोकळं.

"मॅडम, ह्यात तीन परकार हाईत," तो म्हणाला. "एक, तुमच्या डब्यातच बसणारा फिल्टर, धुऊन परत वापरायचा. दोन, हा उघडा कोन. डबा काढून टाकायचा, हा लावायचा. आवाज लय भारी. तीन, ही लांब नळी. खाली बंपरमागनं गार हवा खेचती."

"कोन," मी म्हणालो. "उघडा आहे म्हणजे श्वास मोकळा. शंकाच नाही."

"पण इंजिनशेजारची तापलेली हवाच आत घेणार की ओ तो."

"मग नळी. गार हवा. माझा सिद्धांतच आहे तो."

"पावसाळ्यात डबक्यातनं गाडी घातली तर पाणीबी वढंल ती."

"तुम्ही विकताय का अडवताय?" मी विचारलं.

दिग्विजय हसला. "गुरुजी, हौसेच्या गाडीला मी तिन्ही लावीन. रोज कामावर जाणाऱ्या गाडीला कंपनीचाच डबा बरा, फिल्टर तेवढा येळेवर बदलायचा. आन् मॅडम, तुमची गाडी पिकअप घेत न्हाई म्हणताय, मी आत्ता नाक्यापतूर चालवली, मलाच लावून द्यायची लाज वाटंल. आज घरी जाऊन ठरवा, सांजच्याला फोन करा. सांगाल ते लावू."

परतीच्या वाटेवर आम्रपाली प्रत्येक चढावर ॲक्सिलरेटर दाबून बघत होती. गाडी अजूनही सुरेख चालत होती आणि तेच तिला खात होतं. बरी असलेली गाडी कुणाला दाखवायची?

अंगणात पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. मी आम्रपालीला बॉनेट उघडायला सांगितलं आणि गाडीसमोर उभा राहिलो. अखेरचं भाषण अशाच ठिकाणी करायचं असतं.

"या प्रकरणात," मी सुरुवात केली, "गुन्हेगार हवामान आहे. उपाय, लांब नळी. पावसाळ्यात गाडी छत्रीखाली ठेवता येईल. तुझ्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर या बॉनेटखाली—"

"जरा सरकता का, गुरजी?"

बनुबाई आली होती. हातात दोरीवरचं वाळलेलं फडकं. मी सरकलो. ती वाकली, पुढच्या जाळीमागचं हवेचं तोंड तिनं हातानं चाचपलं, लुगड्याच्या त्या चौघडीनं ते गच्च झाकलं आणि वरून सुतळीची गाठ मारली. नळाला मारतात तशीच.

शेळी तेवढी बोलली.

"आत्या," आम्रपाली हळूच म्हणाली, "हे काय करतीयास?"

"काय म्हंजी? फडकं बांधतीया. दर आयतवारी धुती, सांजच्याला बांधती. शनवारपतूर कसं मातीनं भरतंय बघ, धुताना पाणी लाल हुतंय. ही सगळी गाडीच्या पोटात गेली असती."

"तुला कुणी सांगितलं हे?"

"ह्येनीच की." बनुबाईनं माझ्याकडे बोट केलं. "ह्ये गाडीचं नाक हाय म्हणालं, आन् धूळ त्येची वैरी हाय म्हणालं. खटका कुठला वढायचा तेबी दावलं. गाडी नीट ऱ्हायली तर पोरगी रोज घरी यील, आजून काय पायजे मला?"

कृष्णातनं पुढं होऊन सुतळी सोडली आणि फडकं उंच धरून उजेडात बघितलं. पलीकडचं काही दिसत नव्हतं.

"सर," तो म्हणाला, "ह्यातनं मलाबी श्वास घेता यायचा न्हाई."

मी शांतपणे टिप्पणी केली की पाठ किती परिणामकारक झाला हे विद्यार्थ्याच्या कृतीवरून समजतं, आणि माझ्या पाठात फडक्याचा उल्लेख नव्हता. "ठीक हाय, सर," असं या वेळी कृष्णात म्हणाला नाही.

आम्रपालीनं आत्याला समजावलं. डब्यात आधीच एक फिल्टर असतो, कागदाचा, धूळ तोच अडवतो. बनुबाईला पटायला वेळ लागला. कागदावर तिचा विश्वास नाही.

"मग ह्ये आता कुठं बांधू?" फडकं हातात घेऊन तिनं विचारलं.

कृष्णातनं फक्त माझ्या तोंडाकडे बघितलं.

आम्रपाली फोन घेऊन पडवीत गेली. दिग्विजयला तिनं काही नको म्हणून कळवलं. तिकडून हसण्याचा आवाज अंगणापर्यंत आला. मग तिनं दुसरा फोन लावला. मघापासून अडकलेला तिचा श्वास मोकळा झाला असावा, कारण आवाज जरा मोठाच लागला.

"काकू, ती खोली दुसऱ्या कुणाला द्या. मला नको आता. मी रोज घरूनच येणार."

बनुबाईची मान वळली.

"कसली खोली गं?"

आम्रपालीनं कृष्णातकडे बघितलं. कृष्णातनं माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच दोघांच्याही नजरेत मी पुढं बोलावं अशी विनंती होती.

मी घसा साफ केला.

"बनुबाई, इकडे या, बसा," मी म्हणालो. "एअर इनटेकचे तीन प्रकार असतात. पहिला नीट समजून घ्या."

बनुबाईनं शेंगांचं सूप ओढलं आणि ती समोर बसली. दिवेलागण होईपर्यंत मी तिसऱ्या प्रकारापर्यंतही पोचलो नव्हतो, आणि कोणीही मला थांबवलं नाही.