केस नसलेले गिऱ्हाईक

मंगळवार, सकाळचे सव्वादहा. रक्कम पंधरा रुपये. हजर : केशकर्तनालयाचा मालक विलास, माझे शेजारी साळवे आणि मी. काम : साळव्यांचे केस कापणे.

अडचण एवढीच, की साळव्यांना केस नाहीत. कानांमागे दोन पट्टे आहेत, पण तेही त्यांनी आदल्याच शुक्रवारी कापून घेतले होते. विलासने डोक्याभोवती कात्री वाजवली, तेल चोळलं, कापड झटकलं. साळव्यांनी सुटे पंधरा दिले आणि मला म्हणाले, "तुमची फेरी साडेअकराची आहे. परवासारखे घरून दाढी करून येऊ नका."

साळवे बस डेपोत टाइमकीपर होते. निवृत्त झाले, पण गाड्या सोडायची सवय काही सुटली नाही. त्या वर्षी विश्रांतवाडीत आमचा रस्ता खणला. आधी इंटरनेटच्या केबलसाठी, मग ती टाकताना फुटलेल्या पाण्याच्या पाइपसाठी. दुकानं चराच्या पलीकडे राहिली. जायला नऊ इंच रुंदीची एक फळी. मी मोजली आहे. गिऱ्हाईक मोठ्या रस्त्यावरच्या एसी सलूनकडे वळलं. विलास म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघतो. नंतर भाडं निघायचं नाही. हडपसरला मेव्हण्याच्या दुकानात हाताखाली राहीन."

"एक फेरी रद्द झाली की पॅसेंजरची सवय मोडते," साळवे म्हणाले. "फेरी रद्द करायची नाही."

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फलकावर वेळापत्रक लागलं. कोणत्या बिऱ्हाडाने कोणत्या दुकानात किती वाजता जायचं, सगळं लाल-निळ्या शाईत. आम्हाला दाढीशिवाय गिरणीही आली, आठवड्याला पाच किलो. आम्हा दोघांना महिन्याला आठ किलो पीठ पुरतं. दोन महिन्यांत चाळीस किलो दळलं, सोळा खाल्लं. उरलेल्या चोवीस किलोंत किडे किती झाले, ते मोजलेलं नाही.

मी तक्रार केली. साळवे म्हणाले, "पोळ्या जाड लाटा."

सौ. म्हणाली, "अहो, त्यांनाच जेवायला बोलवा. पीठ तरी संपेल."

बोलावलं. "माझा डबा येतो," म्हणाले आणि विषय संपला. साळवेबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा बंगळूरला संगणकाच्या कंपनीत.

उरलेला वेळ ते फळीच्या तोंडाशी उभे असत. "मागचे थांबा. आजी, पिशवी उजव्या हातात घ्या." एका तरुणाने विचारलं, "काका, तुम्ही कॉन्ट्रॅक्टर का?"

"कॉन्ट्रॅक्टर असतो तर इथे दिसलो असतो का?"

दिवाळीला आठ दिवस असताना रस्ता झाला. विलासचं दुकान टिकलं. पहिल्याच शुक्रवारी खुर्चीवर एक आणि बाकावर चौघे. साळवे नेहमीच्या वेळेला आले आणि दारातच थांबले. विलास म्हणाला, "काका, बसा, तासाभरात घेतो."

"फुल आहे. छान," म्हणाले आणि परत फिरले. मंगळवारी तसंच, शुक्रवारी तसंच. त्यानंतर आलेच नाहीत.

माझी दाढी करताना विलासने विचारलं, "काका आजारी आहेत का हो?"

"नाहीत. पण त्यांना आता काय कापायचंय?"

विलासने वस्तरा पुसला. "तेल लावताना बोलायचे ते. बाईंबद्दल. मुलाचा फोन कधी आला, किती मिनिटं बोलला. मग डोळा लागायचा. मी हात तसाच चालू ठेवायचो. दुसरं गिऱ्हाईक नव्हतंच."

मला वाटत होतं, वेळापत्रक दुकानांसाठी आहे.

सोमवारी विलासचं दुकान बंद असतं. त्या सोमवारी तो पेटी घेऊन आमचा जिना चढताना दिसला. साळव्यांनी दार उघडलं.

"आज सुट्टी ना तुझी?"

"घरी बसून काय करू?"

साळव्यांनी खुर्ची गॅलरीत ओढली. आमची गॅलरी लागूनच आहे. अर्धा तास कात्रीचा आवाज नव्हता, फक्त साळव्यांचं हळू बोलणं, मग तेही थांबलं.

विलास निघाला तेव्हा मी दारातच होतो. साळव्यांनी त्याला वीस रुपये दिले. पंधरा डोक्याचे, पाच जिन्याचे. विलासने नको म्हटलं नाही.